उजव्या खांद्यावरचं जानवं

"वैजू, आरसा दे रे! यांना गंध लावायचंय. श्राद्धाला उशीर होतोय!"

आई स्वयंपाकघरातून ओरडली आणि माझा ब्रश हवेतच थांबला. नेमका डावा डोळा धरत होतो. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तो डोळा जरा माझ्याकडे बघायला लागला होता.

"दोन मिनिटं!"

"तुझी दोन मिनिटं पहाटेपासून चालली आहेत."

घरात आरसा एकच. चांगला दीड हात उंच, शिसवी चौकटीचा. तो मी मागच्या पडवीत नेऊन खुर्चीवर टेकवला होता आणि त्याच्यापुढे उघड्या अंगाने उभा राहून स्वतःचं चित्र काढत होतो. अठ्ठ्याहत्तर सालचा मे महिना, सोमवारची सकाळ, कऱ्हाडचं ऊन, वर पत्रा. सदरा घालणं शक्यच नव्हतं. कमरेला पंचा, गळ्यात जानवं आणि पोटापर्यंत घामाचे ओघळ, असा माझा अवतार.

अप्पा पडवीच्या दाराशी आले. हातात गंधाची वाटी. माझे वडील भिक्षुकी करायचे. कऱ्हाडच्या घाटावर त्यांना सगळे नागेशगुरुजी म्हणत. श्राद्धपक्ष, तर्पण, वर्षश्राद्ध, सगळं शास्त्रशुद्ध. एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं त्यांना खपत नसे.

"राहू दे," ते म्हणाले. "अंदाजाने लावतो."

आणि लावलं. तिरकं. त्या तीन आठवड्यांत अख्ख्या घाटाने अप्पांचं गंध तिरकं पाहिलं असेल, पण त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. मला मात्र त्याचाच राग यायचा. आरसा मागायला माणूस दारापर्यंत येतो, पाच पावलांवर मुलाचं चित्र उभं आहे, त्याच्याकडे एकदा नजर टाकायला काय होतं? पाच वर्षं पुण्याला चित्रकला शिकलो, पदविका घेतली, सुट्टीत गठ्ठेच्या गठ्ठे चित्रं घरी आणली. अप्पांनी एकही चित्र नीट पाहिलं नव्हतं. "छान आहे," म्हणायचे, आणि पंचांगात डोकं घालायचे.

चित्र जमत नव्हतं हा मुख्य वैताग. मुंबईच्या एका मोठ्या प्रदर्शनाला ते पाठवायचं होतं. निवडलं गेलं तर वर्षभराची शिष्यवृत्ती, मुंबईत राहणं, दिवसभर रंगवणं. नाही गेलं तर मसूरच्या शाळेत ड्रॉइंगमास्तर. ती जागा अप्पांनी एका यजमानाकडे परस्पर शब्द टाकून ठेवली होती. मला काही बोलले नव्हते. महिन्यापूर्वी आई भाजी निवडता निवडता बोलून गेली, "मसूरला काय, सकाळच्या एस.टी.ने जाऊन संध्याकाळी घरी येशील," आणि मग जीभ चावली. मीही मुद्दाम गप्प राहिलो. म्हटलं, चित्रच उत्तर देईल.

कॉलेजात आम्हाला एका सरांनी युरोपातल्या त्या उत्तर-दृक्प्रत्ययवादी मंडळींचं वेड लावलं होतं. नाव उच्चारताना दात पडतील, पण चित्रं अशी, की बघणाऱ्याची झोप उडावी. जाड फटकारे, चेहऱ्यात हिरवा, सावलीत जांभळा, रंग नुसता आरडाओरडा करणारा. सर म्हणायचे, "चेहरा कसा दिसतो ते फोटोग्राफर सांगेल. आत काय चाललंय ते तुम्ही सांगा." ऐकायला सोपं. माझा हात पडला गुळगुळीत वळणाचा. आत माझ्या वणवा पेटलेला, आणि कॅनव्हासवर उतरायचा तो साबणाच्या जाहिरातीतला राजबिंडा पोरगा! दोन कॅनव्हास मी खरवडून टाकले. तिसऱ्यावरचा तो डोळा आरशापायी गेला. अप्पा गंध लावून गेल्यावर पुन्हा उभा राहिलो तर डोळा मेलेला.

मग माझं डोकंच फिरलं. ब्रश फेकला आणि रंग कालवायची सुरी घेतली. ट्यूबमधला हिरवा सरळ गालावर आणि छातीवर थापला. डोळ्याखाली शेंदरी, कपाळावर निळा, कानाच्या पाळीला चक्क लाल. विचार असा केलाच नाही. आरशात बघायचं आणि हाणायचं, बघायचं आणि हाणायचं. शेवटी पांढऱ्यात चिमूटभर पिवळा घालून एका दमात जानवं ओढलं, खांद्यापासून कमरेपर्यंत, एकच जाड तिरकी रेघ. ती पडली आणि सगळं चित्र तिला लटकून ताठ उभं राहिलं. वाटलं, ही रेघ काढली तर चेहरा खाली घसरेल.

मी मागे सरकलो. त्या चित्रातला माणूस चिडलेला होता, भेदरलेला होता, आणि जिवंत होता. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं.

तेवढ्यात अप्पा परत आले. श्राद्धाचं जेवून, उपरण्याने मान पुसत. हात धुवायला पडवीतून मोरीकडे निघाले आणि चित्रासमोर थबकले. पाहिलं. खरोखर पाहिलं.



"हे असं का काढलंस?"

झालं. मला वाटलं, आता हिरव्या गालांवर येणार. मी पाच वर्षं या प्रश्नाचं उत्तर पाठ करून बसलो होतो, ते एका श्वासात ओकलो. "अप्पा, माणसाचा चेहरा हिरवा नसतो हे मलाही कळतं. पण नुसतं दिसतं तसं काढण्यात अर्थ नाही. जे आत आहे ते बाहेर आलं पाहिजे. मला जे वाटतं, जे मी कधी बोललो नाही, ते यात आहे."

अप्पांचा चेहरा पांढरा पडला.

"रंगाबद्दल मी म्हणतच नाही," ते म्हणाले. त्यांचा हात चित्रातल्या छातीकडे गेला आणि अर्ध्यातून मागे आला. हात न धुताच ते आत गेले.

मी कपाळावर हात मारून घेतला. गाढवापुढे वाचली गीता, अशी ती गत. बापाला असं म्हणू नये, पण तेव्हा म्हटलं, मनात.

दुसऱ्या दिवशी ते अर्ध्या पानावरून उठले. ओगलेवाडीचे एक यजमान वर्षश्राद्धाचं सांगायला आले होते, त्यांना म्हणाले, "दुसरं कुणी बघा. माझ्याच्याने होणार नाही." घरातली भांडीसुद्धा थांबली. अंगात ताप असताना घाटावर उभा राहणारा माणूस तो.

आई पदर खोचून माझ्याकडे आली. "काय बोललास त्यांना?"

"मी? मी चित्र काढलं!"

"काय काढलंस एवढं?"

"बघ की. बघायला तिकीट लावलेलं नाही."

ती चित्रासमोर उभी राहिली. आधी म्हणाली, "भांग उलट्या बाजूला पाडलायस." मग तिची नजर खाली उतरली आणि तिने पदर तोंडाला लावला. आत निघून गेली. दारामागे दोघांची कुजबुज सुरू झाली.

मी संतापलो. सगळं उघड दिसत होतं. मुलगा मुंबईला जाणार, हातातून निसटणार, म्हणून हा सत्याग्रह! एक बाई रडून अडवणार, एक गृहस्थ उपाशी राहून. त्यापेक्षा तोंडाने सांगा की, जाऊ नकोस. मी तोंडाने सांगेन, जाणार. पण नाही. आमच्या घरात बोलायचं ते फक्त संस्कृतमध्ये, आणि तेही दुसऱ्यांच्या वतीने.

गुरुवारी दुपारी मी चित्रासाठी फळ्यांची चौकट ठोकत होतो. रंग अजून ओला होता, चित्र तसंच पाठवायचं होतं. शुक्रवारी सकाळची मुंबई गाडी. अप्पा आले आणि समोर पाटावर बसले. दाढी वाढलेली, कपाळ कोरडं.

"किती दिवसांपासून माहीत आहे तुला?"

आली म्हटलं मसूरची गोष्ट एकदाची! मी हातोडी खाली ठेवली नाही.

"महिना झाला."

"कुणी सांगितलं?"

"आईने."

"तिने?" अप्पांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "तिने सांगितलं तुला?"

"चुकून बोलून गेली."

"आणि महिनाभर तू गप्प राहिलास. एकाच घरात, एकाच पंगतीला बसून."

"मग काय करू? माझ्या आयुष्याचं तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. मला एका शब्दाने विचारलंत?"

"तुला काय विचारणार?" अप्पांचा आवाज फाटला. "आठ महिन्यांचा होतास तू!"

मी खिळा ठोकायला हात उचलला होता. तो तसाच राहिला. आठ महिन्यांच्या पोराला मसूरच्या शाळेत कोण मास्तर करतो?

"अप्पा, तुम्ही कशाबद्दल बोलताय?"

"याबद्दल!" त्यांनी चित्राकडे बोट केलं. "मला चित्रातलं काही कळत नाही. पण हे कळतं. चाळीस वर्षं लोकांना हेच सांगतोय, सव्य करा, अपसव्य करा. देवाचं करताना जानवं डाव्या खांद्यावर. मेलेल्या बापाला पाणी देताना उजव्या. हे कुठल्या खांद्यावर आहे? बघ, उजव्या! ज्याचा बाप जिवंत आहे तो असा उभा राहील? तू मला तोंडाने विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. पण तू चित्र काढून दारात उभं केलंस, की माझा बाप मेलेला आहे. आणि वर म्हणालास, जे कधी बोललो नाही ते यात आहे."

मी चित्राकडे पाहिलं. खरंच की. रेघ चित्रातल्या माणसाच्या उजव्या खांद्यावरून निघून डाव्या कमरेकडे गेली होती. भटजीचा मुलगा मी, पण माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. दिसलं तसं मारलं होतं.

आणि मग मला हसू फुटलं. मूर्खासारखं.

"अहो अप्पा, आरसा! आरशात बघून काढलंय मी! आरशात उलटंच दिसतं!"

मी धावत जाऊन आरसा उचलला आणि त्यांच्या समोर धरला. त्यांनी स्वतःला पाहिलं. आरशातल्या नागेशगुरुजींचं जानवं उजव्या खांद्यावर होतं. अप्पांचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या खांद्याकडे गेला, चाचपून आला. उभा जन्म त्या आरशात त्यांनी फक्त कपाळ पाहिलं होतं.

"म्हणजे तुला..."

"मला मसूरची नोकरी माहीत होती, अप्पा."

आई दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. मटकन खाली बसली आणि म्हणाली, "घ्या! चोवीस वर्षं सांभाळलं आणि स्वतःच्या तोंडाने सांगून बसलात?"

माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

मग अप्पांनी सांगितलं. मान खाली घालून, संकल्प सांगतात तशा सपाट आवाजात. विरूपाक्ष त्याचं नाव. अथणीचा. मिरजेच्या पाठशाळेत दोघे एका ताटात जेवलेले. त्याची बायको बाळंतपणात गेली आणि आठ महिन्यांनी तो विषमज्वराने अंथरुणाला खिळला. अप्पांना तार करून आईसकट बोलावून घेतलं. मूल नुसतं सोडून जाईन तर ते अनाथ होईल, म्हणाला, हाताने देऊन जाईन तर कुणाचं तरी होईल. उठवत नव्हतं, तर दोघांनी धरून बसवला. त्याने दत्तकाचं पाणी सोडलं आणि मला आईच्या ओटीत घातलं. तिसऱ्या दिवशी गेला. त्यानंतर ही दोघं राहतं गाव सोडून, अथणीची वाट विसरून कऱ्हाडला आली, जिथे कुणी काही विचारणार नव्हतं.

"विधी यथासांग झाला आहे," अप्पा म्हणाले. "शास्त्राप्रमाणे तुझा बाप मी आहे."

शास्त्र! मला त्या क्षणी सगळ्या पोथ्या कृष्णेत फेकून द्याव्याशा वाटल्या. मी तीन आठवडे त्या आरशासमोर उभा राहून स्वतःला शोधत होतो, आणि माझं अर्धं या दोघांनी ट्रंकेत कुलूप लावून ठेवलं होतं.

"कसा दिसायचा?" मी विचारलं.

"फोटो नाही."

"फोटो मागितला नाही मी. कसा दिसायचा?"

"आठवत नाही आता," अप्पा म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. डोळे पंच्याच्या काठावर ठेवून बोलले.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "वैजनाथ, एक कर. ते बदल."

"काय?"

"जानवं. डाव्या खांद्यावर घे."

"नाही जमायचं," मी म्हणालो. "सगळं चित्र त्या एका रेघेवर उभं आहे. खालचा हिरवा अजून ओला आहे, खरवडला तर चिखल होईल. उद्या सकाळी गाडी आहे. तुम्हाला कळतंय का मी काय सांगतोय? हे मला पुन्हा जमणार नाही!"

"नसेल कळत. पण तुझ्या त्या चित्रातल्या माणसाचा बाप गेलेला आहे. आणि मी हा इथे बसलोय."

"आरशात तसंच दिसतं, अप्पा!"

"आरशात दिसू दे. मी आरशात बसलेलो नाही."

ते उठून आत गेले. आईही गेली. मी चित्रासमोर बसलो. मला सगळ्यांचा राग आला. अप्पांचा, आईचा, तापाने मेलेल्या त्या अनोळखी माणसाचा, आरशाचा. आणि खरी कोंडी अशी, की आता ती रेघ दोन्हीकडून बरोबर निघाली होती. डोळ्यांनी पाहिलेलं तसंच होतं, आणि रक्ताचंही तसंच होतं. या चित्रात कुठे म्हणून खोटं नव्हतं. असं चित्र माणसाच्या हातून आयुष्यात किती वेळा होतं हो? मी ते चौकटीत घालून खिळे ठोकायचे, एवढंच बाकी होतं. कुणी अडवणार नव्हतं. अप्पा अडवणारे नव्हतेच.

दिवेलागण झाली. पाणी प्यायला उठलो तर मधल्या खोलीत अप्पा दिसले. संध्येची वेळ होती. पळी, ताम्हन, आसन, सगळं आईने मांडून ठेवलं होतं. पण ते बसले नव्हते. खोलीच्या मध्यावर नुसते उभे होते. परक्याच्या घरी गेल्यावर कुणी बसा म्हणेपर्यंत माणूस उभा राहतो ना, तसे. स्वतःच्या घरात.

मी पाणी न पिताच परत फिरलो. सुरी उचलली आणि ती रेघ खालपासून वर खरवडून काढली.

झालं ते मी आधी सांगितलं होतं तेच. हिरवा, पांढरा, निळा एकमेकांत गेले आणि छातीवर शेणकाला झाला. डाव्या खांद्यावरून नवी रेघ ओढली. ती मेली जन्मतःच. एकदा जाड झाली, पुसली. एकदा वाकडी झाली, पुसली. चेहरा घसरला. मघाशी गुरगुरणारा माणूस आता नुसता आजारी दिसत होता. मी दातओठ खात, शिव्या घालत, रडत, दिव्याच्या उजेडात तासभर झटलो. चित्र हातातून गेलं ते गेलं.

शुक्रवारच्या गाडीने ते मुंबईला पाठवलं, हट्टाने. महिन्याने छापील चिठ्ठीसकट परत आलं. मी मसूरला बत्तीस वर्षं ड्रॉइंगमास्तर होतो. पोरांना आंबा आणि तांब्या काढायला शिकवलं. त्या सोमवारसारखं चित्र मला पुन्हा कधी जमलं नाही, आणि त्याचं दुःख गेलंय असं मी कुणाला सांगत नाही.

पण त्या गुरुवारी, रेघ ओढून झाल्यावर, मी रंगाने बरबटलेल्या हातांनीच दारात गेलो आणि म्हणालो, "अप्पा, या. बघा."

ते आले. मी कंदील वर धरला. त्यांनी आधी जानवं पाहिलं, डावा खांदा, उजवी कमर. मान हलवली. मला वाटलं, आता जातील. पण ते गेले नाहीत. कंदील माझ्या हातातून घेतला, चित्राच्या आणखी जवळ नेला आणि तो हिरवा-निळा, बिघडलेला चेहरा इंचाइंचाने बघत राहिले. इतका वेळ त्यांनी पंचांगसुद्धा कधी पाहिलं नसेल.

मग कंदील खाली ठेवून, अगदी सहज, रोजच्या आवाजात म्हणाले, "कपाळ मात्र माझ्यावर गेलंय तुझं."